पडदेवाले सर

एकदा स्लाइड शो सुरू केला की सर लॅपटॉपला हात लावत नसत. पडद्याकडे बघतसुद्धा नसत. मागे लोकांत जाऊन भिंतीला टेकायचे, पाय लांब करायचे आणि डोळे मिटायचे. पुढे चित्रं आपली आपण बदलत राहायची. मध्येच कोणी काही विचारलं तर डोळे न उघडता उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर पडद्यावर असलेल्या चित्राचं कधीच नसायचं. होऊन गेलेल्या चित्राचं तरी, नाहीतर अजून यायच्या चित्राचं तरी. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, सर दमून झोपले, आता आपल्यालाच चार शब्द बोलायला हवेत. उठून पडद्याजवळ गेले, तर मागून शांत आवाज आला, "सिस्टर, बसा खाली. चित्राच्या आड येताय."

मी तेव्हा नवीनच रुजू झाले होते. आमचं आरोग्य केंद्र डोळखांबच्या पुढे, जंगलाच्या तोंडाशी. मी खर्डीहून स्कूटीवर यायचे. सर मुरबाडकडचे, टोकावड्याच्या बाजूचे. पण राहायचे केंद्राच्या मागच्या खोलीत, एकटे. शनिवारी मोटरसायकल काढून घरी जायचे. त्यांची बायको एकदा केंद्रावर आली होती, तेव्हा मला म्हणाली, "तुमच्याकडं हे सगळं आपोआप चालवतात म्हनं. घरी तर ढकलल्याबिगर हलत नायत." सरांनी ते ऐकलं आणि बऱ्याच वेळाने, विषय बदलून गेल्यावर, मान डोलावली.

हुद्दा आरोग्य सहायकाचा. पाड्यापाड्यांवर फिरायचं, विहिरीत पावडर टाकली का बघायचं, ताप असलेल्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे, आणि वेळ उरला तर लोकांना आरोग्याच्या चार गोष्टी सांगायच्या. बाकीच्यांचा वेळ कधी उरत नसे. सरांनी मात्र त्या उरलेल्या वेळातच संसार मांडला होता. एक जुना लॅपटॉप, एक डब्याएवढा प्रोजेक्टर, आणि पडदा म्हणून प्रसूतीच्या खोलीतली पांढरी चादर. सगळे पाडे त्यांना पडदेवाला म्हणायचे. आम्ही पडदेवाले सर म्हणायचो, त्यांच्या माघारी.

विषय एकच, साप. त्यांनी हाच विषय का धरला ते मी तीन वेळा विचारलं आणि तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, लहानपणी त्यांच्या भावाला चावला होता. एकदा म्हणाले, भावाला नाही, बैलाला. तिसऱ्यांदा माझ्याकडे असं बघत राहिले की जणू मीच काहीतरी चुकीचं ऐकून आले होते, आणि म्हणाले, "साप सगळीकडं हाय, म्हनून." यातलं खरं कोणतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित तिन्ही खरी असतील.

वरून आलेलं एक तयार प्रेझेंटेशन होतं. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत 'सर्पदंश : प्रथमोपचार'. आमच्याकडे साप चावला असं कोणी म्हणत नाही, 'पान लागलं' म्हणतात. नाव घेतलं की तो ऐकतो. पुढच्या चित्रात गोरापान पाय, त्यात बूट, आणि पट्टी बांधणारे गुलाबी हात. सरांनी ते मला दाखवलं आणि विचारलं, "हा पाय आपल्याकडं कोनाचा हाय?" मी म्हटलं, कोणाचाच नाही. "मग पान कोनाला लागलं?" त्यांनी अक्षरं सगळी पुसली, बूट पुसले, आणि स्वतः फोनवर फोटो काढायला निघाले.

सुरुवातीला ते नुसते पायांचे फोटो काढायचे. माणसाचा चेहरा कापून टाकायचे, म्हणजे कोणाची बदनामी नको. खाचराच्या बांधावर काळा अनवाणी पाय, आणि शेजारी इंटरनेटवरून उचललेली घोणस. घोणशीच्या मागचं वाळवंट काढायला त्यांना एक अख्खी संध्याकाळ लागली. त्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय असते की चित्रातलं जे जाणार ते जांभळं होतं, जे राहणार ते आपल्या रंगात राहतं. सर वाकून, जीभ दातांत धरून, घोणशीच्या कडेकडेने रेघा ओढायचे. कधी शेपूट जांभळी व्हायची, कधी वाळवंटाचा तुकडा सापाला चिकटून राहायचा. शेवटी साप बांधावर बसला, पण आकार चुकला. माणसाच्या मांडीएवढी घोणस झाली. मी म्हटलं, "सर, एवढी मोठी नसते." ते म्हणाले, "ज्याला लागते त्याला एवढीच दिसते."

पण नुसता पाय पाड्यावर चालला नाही. लोक शो बघायचे सोडून आपापसात भांडायला लागले, की हा पाय अमक्याचा, नाही, तमक्याचा. साप बाजूलाच राहिला. तेव्हा सरांनी चेहऱ्यासकट फोटो काढायचं ठरवलं, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

वरच्या पाड्यावर बुधी नावाची बाई होती. तिशीतली, काटक, फोटो काढताना न हसणारी. सरांना न हसणारं माणूस हवं होतं. तिला बांधावर बसवलं, पाय लांब करायला लावला आणि फोटो घेतला. मग तिचा नवरा काळू पायाला सरळ काठी लावून टॉवेलने सैल बांधतोय असा एक. मग चार जण तिला झोळीतून नेतायत असा. मग पांडूची जीप, पाड्यांवरून डोळखांबला माणसं नेणारी, केंद्रासमोरच्या आंब्याखाली उभी. आणि शेवटी केंद्राच्या दारात मी, हातात सिरिंज घेऊन.

माझ्यामागे नोटिसांचा फळा आणि पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला कोपरा होता. सरांनी तो काढला, आणि त्याबरोबर माझ्या उजव्या हाताची दोन बोटंही गेली. मी चिडले. म्हटलं, लोक म्हणतील सिस्टरला बोटं नाहीत. सर म्हणाले, "बोटं कोन मोजतो? दार उघडं दिसलं पायजे." ती बोटं त्यांनी कधीच परत आणली नाहीत.

भगताचं प्रकरण वेगळं. पान लागलं की आधी भगताकडे न्यायचं, ही रीत. मंतरून होईतो जो वेळ जातो त्यात माणूस जातं, असं सर म्हणायचे. पण भगताविरुद्ध त्यांनी एक शब्द कधी काढला नाही. भगताचा एक फोटो त्यांच्याकडे होता, देवाजवळ हात जोडून उभा असलेला. त्यांनी देव जांभळा केला, झाड जांभळं केलं, एकटा भगत उचलला आणि पांडूच्या जीपशेजारी आणून उभा केला. शो पाहून भगत रागावला. "मी तिथं नवतो," म्हणाला.

"आता हायस," मागून सर म्हणाले. डोळे मिटलेलेच.

टायमिंगची तर निराळीच तऱ्हा. प्रत्येक स्लाइड किती वेळ ठेवायची हे ते घड्याळावर ठरवत नसत. केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशींना ते लॅपटॉपसमोर बसवायचे आणि स्वतः चित्राकडे न बघता मावशींच्या डोळ्यांकडे बघायचे. मावशींची नजर चित्रावरून सुटून सरांकडे वळली की बटण दाबायचे. तेवढा त्या चित्राचा टाइम. मावशी कंटाळायच्या. म्हणायच्या, "मला झाडायचंय अजून. तुमचा साप पळून जात नाय." पण बसायच्या. सर म्हणायचे, "बघायला टाइम लागतो, सिस्टर. बघून झाल्यावर खरं वाटायला आनखी लागतो. आपन मधेच पुढं जातो."

ही सवय त्यांच्या अंगातच मुरली होती. त्यांना काही सांगितलं की ते लगेच बोलत नसत. इतका वेळ जायचा की आपण काय सांगितलं ते आपणच विसरायचो. महिन्याच्या बैठकीत कोणी फार बोललं तर माझ्याकडे वाकून म्हणायचे, "ह्यांचा टाइम जास्त लागलाय."

एकच स्लाइड मावशींवर सोपवली नव्हती. पाड्यावरून रस्त्याला येणारी पायवाट. तिच्यात माणूस नाही, साप नाही. नुसती वाट, दोन्हीकडे कारवीची झुडपं. झोळीनंतर ती यायची आणि जायचीच नाही. लोक चुळबुळ करायचे, पोरं ओरडायची, एखादी म्हातारी विचारायची, मशीन बंद पडलं का. एकदा तालुक्याहून पाहणीला साहेब आले होते. ती स्लाइड आली, थांबली, थांबूनच राहिली. आमच्या डॉक्टर मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी साहेबच उठले बटण दाबायला.

"हात नका लावू साहेब," सर मागून म्हणाले. "चालू हाय."

"काय चालू आहे? काही हलत नाही."

"वाट चालू हाय."

साहेब उभेच राहिले. मग एकदाची जीप आली आणि साहेब खाली बसले. मॅडमनी नंतर सरांना बोलावून सांगितलं की ती स्लाइड कमी करा, लोकांचा गोंधळ होतो. सरांनी मान डोलावली. पुढच्या वेळी ती मला आणखी लांब वाटली. मी मोजली नाही, पण वाटली.

त्याच साली भातकापणीत बुधीला पान लागलं.

सकाळची वेळ होती. मी बाळांना डोस देत होते, सर दुसऱ्या पाड्यावर गेले होते. बाहेर पांडूची जीप येऊन थांबली. मावशी व्हरांड्यात झाडत होत्या, त्या हसून आत ओरडल्या, "सिस्टर, आज परत शूटिंग हाय. तुमचं दारात उभं ऱ्हायचं आलं."

मी बाहेर आले आणि क्षणभर मलाही तसंच वाटलं. पुढे काळू, मागे तिघं, मध्ये झोळी. बुधीच्या पायाला सरळ काठी, टॉवेलने सैल बांधलेली. शेजारी भगत. सगळे जागच्या जागी, चित्रात होते तसे. जीपसुद्धा पांडूने दाराशी न आणता आंब्याखाली नेऊन उभी केली होती. मी सरांना शोधत इकडेतिकडे पाहिलं. फोनही कोणाच्या हातात नव्हता. मग बुधीने तोंड उघडलं आणि तिच्या दातांच्या फटीतून रक्त येताना दिसलं.

पुढचं भराभर झालं. मॅडमनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं, ते गोठेचना. मी सलाइन लावलं, सापाचं इंजेक्शन सुरू केलं. बुधी शुद्धीवर होती. मला म्हणाली, "हलले नाय मी. चित्रात नवते हलले." अॅम्ब्युलन्स आली आणि तिला शहापूरला नेलं. जाताना मॅडम काळूला म्हणाल्या, "वेळेत आणलंत." भगत जीपजवळ जाऊन उभा होता. मी त्याला विचारलं, "बाबा, तुमच्याकडे नाही नेलं आधी?"

तो म्हणाला, "आनली व्हती. मी बोललो, चला. मी पडद्यावर जीपजवळ उभा हाय ना. नाय आलो असतो तर लोक बोलले असते, भगत खोटा."

मला वाटलं, संपलं, सरांचं सार्थक झालं. आता ते येतील, मी त्यांना सगळं सांगेन, आणि ते बराच वेळ गप्प राहून मान डोलावतील.

ते दुपारी आले. पण त्यांच्याआधी बुधीची सासू येऊन पायरीवर बसली होती. पाड्यावरून एकटीच चालत. मी पाणी दिलं, घेतलं नाही. सरांची मोटरसायकल थांबली तशी ती उठली.

"तू लावलास," ती म्हणाली. ओरडली नाही. "आदी पडद्यावर लावलास. मंग रानात लागला. एवढ्या बायका कापनीला व्हत्या. हिलाच कसा लागला?"

मी मध्ये पडले. म्हटलं, आजी, उलट त्या चित्रांमुळेच ती वेळेत इथे पोचली. म्हातारीने माझ्याकडे बघितलंच नाही. सरांकडे बघत राहिली. सर हेल्मेट हातात घेऊन उभे. मी वाट बघत होते, हे काहीतरी समजावतील. एवढी वर्षं पाड्यांवर फिरलेला माणूस.

"असंल," सर म्हणाले.

म्हातारी गेली. मी सरांना म्हटलं, "असं कसं म्हणालात तुम्ही? तिला खरंच वाटेल."

"मला काय ठावं, सिस्टर?" ते म्हणाले. "चित्र मी लावलं. त्यानं ती वाचली हे तुमी म्हनताय. त्यानं तिला लागलं हे ती म्हनते. चित्र तर एकच हाय."

मला शिकवलेलं होतं त्यात याचं उत्तर होतं, योगायोग नावाचं. पण ते त्या वेळी तोंडातून बाहेर पडेना. आणि खरं सांगायचं तर आजही त्या शब्दाने माझं पूर्ण समाधान होत नाही.

वरच्या पाड्याने पडदा बंद केला. फोन घेऊन येऊ नका, असा निरोप आला. तिकडे शहापूरला बुधीची लघवी थांबली होती आणि तिला डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागलं होतं. एका संध्याकाळी ओपीडी उरकून मी निघत होते, तर सर औषधवाटपाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेले. पडद्यावर बांधावरची बुधी. ते तिच्या कडेने रेघा ओढत होते. हळूहळू तिचा डोक्याचा फडका जांभळा झाला, मग चेहरा, मग हात. पाय मात्र जाईना. मातीचा आणि पायाचा रंग एक, मशीनला वेगळा करता येईना. बुधी गेली तरी बांधावर एक पाय उरायचा. सर पुन्हा पुन्हा रेघा मारत होते.

मी म्हटलं, "सर, निदान मूळ फोटोची एक कॉपी ठेवा."

"कॉपी ठेवली म्हंजे काढलीच नाय."

त्यांनी पाय काढला, सेव्ह केलं, फोनमधला फोटोही पुसला. बांधावर एकटी घोणस राहिली.

आता तिथे बसवायचं कोणाला? ज्याचा चेहरा लावू त्याची भीती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना नुसत्या घोणशीपुढे बसवून पाहिलं. मावशींनी लगेच मान वळवली. "कोनी नाय तर बघू काय?" शेवटी सरांनी मला बाहेर बोलावलं, स्वतः केंद्रामागच्या बांधावर जाऊन बसले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय लांब केला. म्हणाले, "काढा." मी काढला. ओळखपत्रावर असतो तसा चेहरा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. तो फोटो बुधीच्या जागी बसला. त्या वेळी मला हसू आलं होतं, पण ते स्वतःला त्या घोणशीशेजारी किती सांभाळून ठेवत होते, ते बघून थांबलं.

दुसऱ्या पाड्यांवर शो झाले. लोक खो खो हसायचे. साप, झोळी, जीप, कशाकडेच कोणाचं लक्ष नसायचं. सर मागे भिंतीला टेकलेले असायचे. मॅडमनी मला विचारलं, "यांना काय झालंय?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

बुधी परत आली ती थंडी सरत आल्यावर. तपासणीला केंद्रावर आली, काळूच्या आधाराने, काठी टेकत. पायावर घोट्यापासून वर काळी जागा राहिली होती, आणि बुधी अंगाने अर्धी झाली होती. इंजेक्शन नाही, गोळ्या नाही, तिने पहिलं काही मागितलं असेल तर ते हे : "माजा फोटू दाखवा."

सर कपाटातल्या फायली लावत होते. लावतच राहिले. तिने पुन्हा म्हटलं. तेव्हा त्यांनी लॅपटॉप उघडला. बांधावर सर बसलेले, पाय लांब करून. बुधीने वाकून बघितलं.

"ह्ये तर तुमी. मी कुठंय?"

"काढली," सर म्हणाले.

"का?"

"तुझी सासू बोलली..."

"आयचं ऱ्हाऊ द्या. रेशनकार्डावरनं नाव काढतात ते मेल्यावर. मी मेले का?"

खोलीत मी होते, काळू होता, मावशी दारात होत्या. बुधी उभीच होती, काठीवर भार देऊन, आणि तिला उत्तर हवं होतं.

"झोळीत हाय मी," ती म्हणाली. "पन झोळीत कोन हाय ते कुठं दिसतं? लोक म्हनतील, मास्तरालाच नेला." तिला सर मास्तरच वाटायचे. "परत लावा मला."

"फोटू नाय आता. पुसला."

"मंग दुसरा काढा."

दोन दिवसांनी आम्ही वरच्या पाड्यावर गेलो. सरांनी मला बरोबर यायला सांगितलं. का ते सांगितलं नाही. बुधी आम्हाला थेट त्याच खाचरावर घेऊन गेली. भात केव्हाच निघालं होतं, नुसतं धसकट उरलं होतं. मागून सासू आली, हाताची घडी घालून बांधाच्या टोकाला उभी राहिली. ती काही बोलेल म्हणून मी तयारीत होते.

बुधी बसली. काठी बाजूला ठेवली आणि तोच पाय लांब केला. सरांनी फोन वर धरला. खाली घेतला. शर्टाने काच पुसली, पुन्हा धरला. दोन पावलं मागे गेले. पुन्हा खाली घेतला. मी त्यांच्याकडे बघत होते. ज्या माणसाने अख्खा पाडा जागोजाग बसवून, उभा करून फोटो काढले होते, त्याला एक बटण दाबवत नव्हतं.

"काढा ना," बुधी म्हणाली. "ऊन लागतंय."

"सर, मी काढू?" मी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, पण काढलाही नाही.

तेव्हा सासू बांधावरून पुढे आली आणि तिने हात पुढे केला. "दे हिकडं. माज्या हातनं काढलेला तरी लागनार नाय."

सरांनी फोन दिला. कुठे दाबायचं ते बोटाने दाखवलं. म्हातारीने फोन दोन्ही हातांनी, ताट धरावं तसा धरला, डोळे बारीक केले आणि दाबलं. मग लगेच फोन सरांना देऊन टाकला आणि पदराला हात पुसले.

फोटो वाकडा आला होता. बुधी एका कडेला, आभाळच जास्त, आणि खालच्या कोपऱ्यात म्हातारीचा अंगठा, ढेकळाएवढा. केंद्रावर आल्यावर सरांनी तो लॅपटॉपवर घेतला. मी शेजारी उभी होते. म्हटलं, "कोपरा कापला तर छान दिसेल. सरळही करता येईल."

सरांनी बराच वेळ फोटोकडे बघितलं. "अंगठा दिलाय तिनं," ते म्हणाले. "तो कसा कापू?"

त्यांनी काहीच कापलं नाही, उजेड वाढवला नाही, मागचं आभाळही काढलं नाही. फक्त घोणस आणून ठेवली. आणि स्वतःला काढायचं सोडून, उचलून बुधीच्या मागे, बांधाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं, पाय तसाच लांब. मी विचारलं, आता तुम्ही कशाला? ते म्हणाले, "असू दे." हे कशासाठी, ते मी आजतागायत विचार करतेय. सर निवृत्त होऊन टोकावड्याला गेले, पण ती फाइल केंद्राच्या कॉम्प्युटरवर तशीच आहे. नवीन आलेले डॉक्टर मला विचारतात, हा मागे बसलेला माणूस कोण? मी सांगते, आमचे सर. त्यांना पण साप चावला होता का? मी नाही म्हणते.

वरच्या पाड्यावर पडदा पुन्हा लागला तेव्हा सगळे आले होते. दिवेलागण झाली होती. शाळेच्या भिंतीवर चादर लावली, सरांनी शो सुरू केला आणि मागे जाऊन बसले. बुधी पुढेच होती, सासूशेजारी. ते चित्र आलं. कोणी हसलं नाही. एका पोराने विचारलं, "दोघांना एकच लागला का?"

"हां," सर मागून म्हणाले.

पोराने पडद्याकडे पुन्हा बघितलं. काळूने काठी बांधली, झोळी उचलली गेली, आणि मग ती वाट आली. सगळे नुसते बघत बसले. वाट काही संपेना. थोड्या वेळाने बुधी काठी टेकून उठली आणि लोकांच्या मधून वाट काढत निघाली. तिची सावली चादरीवरून, कारवीवरून सरकत गेली.

"कुठं चाललीस गो?" सासूने विचारलं.

"भात टाकते चुलीवर," बुधी म्हणाली. "पुढचं मला ठावं हाय."